वार, बोर्डिंग आणि कॉलेजचा दरवाजा

ऑक्टोबर 1882मध्ये जोतीराव फुल्यांनी हंटर शिक्षण आयोगाला लेखी निवेदन दिले. त्यातला प्राथमिक शिक्षणाचा भाग आपल्याकडे पुष्कळदा सांगितला जातो. शेतकऱ्याच्या साऱ्यातून गोळा झालेला पैसा वरच्या थरांच्या उच्च शिक्षणावर खर्च होतो आणि ज्याने तो दिला त्याच्या मुलाला साधी शाळाही मिळत नाही, हा त्यांचा आरोप सर्वांना ठाऊक आहे. पण त्याच निवेदनात सरकारी शिष्यवृत्त्यांविषयी काही वाक्ये आहेत, आणि ती मला आजच्या प्रवेशाच्या प्रश्नासाठी जास्त महत्त्वाची वाटतात. फुल्यांचे म्हणणे असे की, चढाओढ लावून शिष्यवृत्ती देण्याची पद्धत तत्त्व म्हणून पाहिली तर न्याय्य दिसते, पण तिच्यामुळे शिक्षण नव्या वर्गांत पसरत नाही. ज्यांच्या घरात विद्येची गोडी आधीच शिरली आहे त्यांनाच ती मिळत राहते. म्हणून काही शिष्यवृत्त्या, ज्या वर्गांत शिक्षण पोचलेलेच नाही त्यांच्यासाठी राखाव्यात. परीक्षा सर्वांना सारखी असली म्हणजे संधीही सारखी झाली, हा समज त्यांनी एकशे चाळीस वर्षांपूर्वी खोडून काढला होता. महाराष्ट्रातल्या खेड्यापाड्यांतली मुले नामांकित कॉलेजांत कशी पोचली याचा इतिहास पाहिला तर फुल्यांची बाजू पुन्हा पुन्हा खरी ठरते. गावच्या मुलाचा प्रवेश परीक्षेच्या दालनात ठरत नव्हता. तो त्याच्या कितीतरी आधी, शहरात राहायचे कुठे आणि जेवायचे कुणाकडे या प्रश्नापाशी ठरत होता.

मुंबई विद्यापीठ 1857मध्ये स्थापन झाले आणि मॅट्रिक ही त्याची प्रवेश परीक्षा ठरली. ती द्यायची तर इंग्रजी हवे, आणि इंग्रजी शिकवणारी हायस्कुले जिल्ह्याच्या गावी किंवा त्याहून मोठ्या शहरात. खेड्यातली मराठी शाळा मुलाला फार तर व्हर्नाक्युलर फायनलपर्यंत नेई. फायनल पास झालेला मुलगा शाळामास्तर होई, तलाठी होई, कारकुनी करी, पण कॉलेजच्या रस्त्याला तो लागलेलाच नसे. तो रस्ता मराठी चौथीनंतरच फुटत असे, कारण इंग्रजी पहिलीत जायचे तर तेव्हाच. म्हणजे मुलगा दहा-अकरा वर्षांचा असतानाच त्याला गावाबाहेर धाडण्याचा निर्णय घरात कुणीतरी घ्यावा लागे, आणि असा निर्णय घ्यायला त्या वाटेची माहिती असलेला माणूस घरात लागे. 1862मध्ये विद्यापीठाचे पहिले पदवीधर झाले त्यांत रामकृष्ण गोपाळ भांडारकर आणि महादेव गोविंद रानडे होते. भांडारकरांचा जन्म मालवणचा, रानड्यांचा निफाडचा. दोघांचीही बुद्धी असामान्य होती, यात वादच नाही. पण भांडारकरांचे वडील महसूल खात्यात कारकून होते, त्यांची बदली रत्नागिरीला झाली आणि मुलाला तिथली इंग्रजी शाळा मिळाली. रानड्यांचे वडील कोल्हापूर संस्थानच्या नोकरीत होते. बदलीने नेलेल्या मुलांच्या पलीकडे जी हुशार मुले गावातच राहिली, त्यांची नोंद कुठेच नाही.

परीक्षेला बसणे हेच केवढे काम होते, हे धोंडो केशव कर्व्यांच्या आयुष्यातल्या एका प्रसंगावरून दिसते. कॉलेजची नव्हे, मराठी शाळेनंतरच्या सरकारी दाखल्याची परीक्षा देण्यासाठी ते दापोली तालुक्यातल्या मुरुडहून साताऱ्याला निघाले. शंभरेक मैलांचे अंतर, वाटेत कुंभार्लीचा घाट, आणि सोबतीला काही मुले. सारे अंतर पायी कापून ते परीक्षेच्या जागी पोचले तर समितीने त्यांच्याकडे पाहून सांगितले की, हा मुलगा सतरा वर्षांचा दिसत नाही. वय पुरे असूनही त्यांना परत फिरावे लागले. ते मॅट्रिक झाले ते 1881मध्ये, तेविसाव्या वर्षी, आणि तेही मुंबईत राहून. या प्रसंगात बुद्धीची कसोटी कुठेच लागलेली नाही. लागली ती पायांची, घरच्या शिदोरीची आणि कागदपत्रांच्या अभावी दिसण्यावरून माणूस जोखणाऱ्या व्यवस्थेची.

तरीही कोकणातल्या, देशावरच्या गरीब ब्राह्मण घरांतली कितीतरी मुले पुण्या-मुंबईत शिकली, आणि त्याचे श्रेय केवळ त्यांच्या चिकाटीला देऊन चालणार नाही. त्यांच्यामागे एक रूढी उभी होती. शहरात आलेला विद्यार्थी सात घरी वार लावून जेवत असे. सोमवार एका घरी, मंगळवार दुसऱ्या घरी, असा आठवडा निघे. कुणी माधुकरी मागे. झोपायला देवळाची ओवरी, एखाद्या नातेवाइकाच्या वाड्यातला सोपा, अभ्यासाला त्यांचाच दिवा. यात अवहेलना होती, शिळे अन्न होते, एखाद्या दिवशी वार चुकला तर उपासही होता. त्या मुलांच्या कष्टांना कमी लेखण्याचे कारण नाही. पण जेवणाची ही सोय जातीच्या पंगतीतली होती. कुणब्याच्या, धनगराच्या, माळ्याच्या मुलाला पुण्याच्या सदाशिव पेठेत वार मिळण्याचा प्रश्नच नव्हता, आणि महार-मांगांच्या मुलाला तर ओवरीवरही पाय ठेवता येत नव्हता. अर्थशास्त्राच्या भाषेत बोलायचे तर वार ही एक शिष्यवृत्तीच होती. तिची जाहिरात निघत नव्हती, तिच्यासाठी अर्ज करावा लागत नव्हता, ती सरकारी हिशेबात कधी दिसली नाही, म्हणून ती घेणाऱ्यालाही आपण केवळ गुणांवर पुढे आलो असे मनापासून वाटू शकले. शिक्षणात मागे राहिलेल्या जातींना बुद्धीचे किंवा हौसेचे दुर्भिक्ष आहे, असे जे त्या काळी सर्रास बोलले जाई, त्याचे खरे उत्तर या सात घरांच्या हिशेबात आहे.

शाहू महाराजांनी हा हिशेब ओळखला. कोल्हापुरात राजाराम कॉलेज 1880पासून होते, संस्थानात शाळाही होत्या, पण खेड्यातले मूल तिथपर्यंत येत नव्हते. त्यांनी आधी 1896मध्ये सर्व जातींसाठी एकच वसतिगृह काढून पाहिले. थोड्याच काळात तिथे ब्राह्मण विद्यार्थीच उरले. दार सर्वांना उघडे ठेवणे आणि सर्वांना आत आणणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, याचा याहून स्वच्छ पुरावा मला माहीत नाही. त्यानंतर 1901मध्ये व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग निघाले, त्याच वर्षी जैन बोर्डिंग, मग 1906मध्ये मुस्लिम, 1907मध्ये लिंगायत आणि 1908मध्ये अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठी मिस क्लार्क होस्टेल. जुलै 1902चा पन्नास टक्के राखीव जागांचा हुकूम नोकऱ्यांसाठी होता, आणि तो आज सर्वांच्या तोंडी आहे. पण त्या जागांवर बसायला शिकलेली मुले कुठून आली असती, हा प्रश्न या बोर्डिंगांनी सोडवला. हुकूम एका दिवसात निघतो, बोर्डिंग मात्र रोज चालवावे लागते.

जातवार वसतिगृहांनी जाती पक्क्या केल्या, हा आक्षेप तेव्हाही होता आणि आजही आहे. तो हलका नाही. एका जातीच्या मुलांनी एकत्र राहायचे, त्याच जातीच्या धनिकांकडून देणग्या गोळा करायच्या आणि पुढे त्याच ओळखीवर राजकारण करायचे, असे घडले आहे. पण त्या काळी शहरातला स्वयंपाकच जातवार होता, हे विसरून हा आक्षेप घेता येत नाही. वारात जेवणारा मुलगाही जातीच्याच वसतिगृहात राहत होता, फक्त त्या वसतिगृहाला भिंती आणि पाटी नव्हती. शिवाय या बोर्डिंगांच्या आतूनच त्यांच्या मर्यादेला उत्तर निघाले. भाऊराव पाटील कोल्हापूरच्या जैन बोर्डिंगात राहून शिकत होते. मिस क्लार्क होस्टेलच्या उद्घाटनाला ते गेले, परत आल्यावर शुद्धीची आंघोळ करायला त्यांनी नकार दिला आणि बोर्डिंगातून त्यांना काढण्यात आले. पुढे 1919मध्ये कऱ्हाडजवळच्या काले इथे त्यांनी रयत शिक्षण संस्था सुरू केली आणि 1924मध्ये साताऱ्यात जे वसतिगृह काढले, त्यात सर्व जातींची मुले एकाच चुलीवरचे जेवत. 1927मध्ये गांधीजींच्या हस्ते त्याला छत्रपती शाहूंचे नाव मिळाले.

साताऱ्याच्या या बोर्डिंगकडे जरा जवळून पाहिले पाहिजे, कारण शिक्षणसंस्थेच्या इतिहासात ज्या गोष्टी तळटिपेत जातात त्याच इथे मुख्य आहेत. मुले स्वतः पाणी भरत, दळत, भाकऱ्या थापत, शेतात आणि बांधकामावर राबत. गावोगाव फिरून धान्य गोळा केले जाई. ज्वारीची पोती यायची तेव्हा महिना निघायचा. भाऊराव खेड्यांत जाऊन चुणचुणीत पोरे हेरत आणि आईबापांना समजावून त्यांना घेऊन येत. पोरांच्या तोंडात घास पडावा म्हणून त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने मोडले, शेवटी मंगळसूत्रही. त्या 1930मध्ये गेल्या. 'कमवा आणि शिका' हे नाव आज कॉलेजांच्या माहितीपत्रकांत एका योजनेसारखे छापले जाते, पण त्याचा मूळ अर्थ असा होता की, घरून दमडीही येणार नाही हे गृहीत धरून मुलाला पदवीपर्यंत न्यायचे. याच बोर्डिंगातून पी. जी. पाटील निघाले, विलायतेत जाऊन बॅरिस्टर झाले, रयतमध्येच परत आले आणि पुढे शिवाजी विद्यापीठाचे कुलगुरू झाले. अशी उदाहरणे अपवाद म्हणून सांगण्याची पद्धत आहे. मला ती एका व्यवस्थेचा पुरावा वाटतात, कारण भाऊरावांनी मुलाची निवड केली ती परीक्षा घेऊन नव्हे. आधी राहण्या-जेवणाची सोय लावली, मग शिकवले आणि परीक्षा सर्वांत शेवटी आली.

हीच रीत दुसरीकडेही दिसते. नाशिकला 1914मध्ये उभे राहिलेले उदोजी मराठा बोर्डिंग, अमरावतीत पंजाबराव देशमुखांचे श्रद्धानंद छात्रालय, बहिष्कृत हितकारिणी सभेने 1925मध्ये सोलापुरात काढलेले वसतिगृह. मराठवाड्याची स्थिती आणखी बिकट होती. निजामाच्या राज्यात उस्मानिया विद्यापीठ हैदराबादला, माध्यम उर्दू, आणि औरंगाबादेत शिक्षण इंटरपर्यंतच. बीड-परभणीच्या शेतकऱ्याच्या मुलाला पदवीसाठी परमुलखात, परभाषेत जावे लागे. 1950मध्ये बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने औरंगाबादेत कॉलेज काढले, तेच पुढचे मिलिंद. तिथे कॉलेजइतकेच महत्त्व नागसेनवनातल्या वसतिगृहांना होते. मुंबईत 1946मध्ये सिद्धार्थ कॉलेज सुरू करताना त्यांनी वर्ग सकाळी ठेवले, म्हणजे दिवसा नोकरी करणाऱ्याला शिकता येईल. विद्यार्थी कसा जगतो हे पाहून कॉलेजची वेळ ठरवणे, ही दृष्टी बोर्डिंग काढणाऱ्यांचीच.

आता सर्वांत बळकट आक्षेप. परीक्षेला नावे ठेवू नका, असे बरेच जण म्हणतील, कारण शिफारस, ओळख आणि वशिला यांच्यापेक्षा उत्तरपत्रिका पुष्कळ बरी. तपासणाऱ्याला मुलाची जात दिसत नाही, गाव दिसत नाही, बापाचे धोतर दिसत नाही. हे खरे आहे, आणि ग्रामीण मुलांच्या कितीतरी पिढ्यांचा परीक्षेवर जो विश्वास आहे तो भाबडा नाही. मुलाखतीने आणि ओळखीने प्रवेश देणाऱ्या जगात त्यांचे आणखी हाल झाले असते. पण निःपक्षपातीपणा उत्तरपत्रिकेपुरता असतो. ती लिहिण्याआधी कुणाला किती वर्षे शिकायला मिळाले, विज्ञानाला शिक्षक होता की नव्हता, प्रयोगशाळेत उपकरणे होती की कपाटाला कुलूप होते, हे उत्तरपत्रिका सांगत नाही आणि ते सांगणे तिचे कामही नाही. चूक होते ती, तिने मोजलेल्या फरकाला आपण मुलाच्या लायकीचे माप समजतो तेव्हा. परीक्षा ठेवा, पण तिच्या आधीची वर्षे कुणीतरी भरून काढली पाहिजेत, एवढेच फुले म्हणत होते आणि एवढेच बोर्डिंगांनी केले.

स्वातंत्र्यानंतर सरकारने यातला काही भार उचलला. 1959मध्ये यशवंतराव चव्हाण मुख्यमंत्री असताना आर्थिकदृष्ट्या मागासांना फी माफ करणारी ई.बी.सी. सवलत आली आणि पुढच्या दोन दशकांत तालुक्या-तालुक्याला कॉलेजे उघडली. या विस्ताराचे मोल मोठे आहे. हजारो घरांतला पहिला पदवीधर त्यातून निघाला. मात्र दारे वाढली तशी निवडीची जागा वर सरकली. तालुक्याच्या कॉलेजात बी.ए. सर्वांना मिळू लागले आणि चुरस वैद्यकीय, अभियांत्रिकी व आय.आय.टी.त गेली. 1983मध्ये विनाअनुदानित खाजगी अभियांत्रिकी कॉलेजांना परवानगी मिळाल्यावर जागा वाढल्या, पण त्या पैशाने मिळणाऱ्या होत्या. खेड्यातल्या हुशार मुलांसाठी साठच्या दशकात शासकीय विद्यानिकेतने निघाली, आणि 1986च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने नवोदय विद्यालये दिली. त्यांतली अगदी पहिली दोन हरियाणातल्या झज्जरला आणि आपल्या अमरावतीत उघडली होती. किमान पंचाहत्तर टक्के जागा ग्रामीण मुलांना, सहावीपासून राहणे-जेवणे मोफत. नवोदय म्हणजे सरकारने चालवलेले बोर्डिंगच, आणि तिथली मुले मोठ्या प्रवेश परीक्षांत टिकतात याचे आश्चर्य वाटायला नको. पण जिल्ह्याला एक शाळा आणि तिच्यात वर्षाला ऐंशीच मुले, एवढ्यावर सगळ्या ग्रामीण महाराष्ट्राचे कसे भागावे?

याला उत्तर म्हणून लातूरचे नाव पुढे केले जाते. सरकारची वाट न पाहता दुष्काळी भागातल्या मुलांनी मेडिकलच्या याद्या भरून दाखवल्या, मग सोयींचे रडगाणे कशाला, असा त्याचा रोख असतो. लातूर पॅटर्नचा आरंभ नीट पाहिला तर तो उलटेच सांगतो. ऐंशीच्या दशकात राजर्षी शाहू कॉलेज आणि दयानंद कॉलेज यांनी हे काम सुरू केले तेव्हा बारावीच्या गुणांवर मेडिकलचे प्रवेश होत. जनार्दन वाघमारे आणि अनिरुद्ध जाधव यांच्यासारख्या प्राचार्यांच्या काळात प्राध्यापकांनी जादा तास घेतले, पुन्हा पुन्हा सराव परीक्षा घेतल्या, प्रत्येक मुलाच्या चुका वेगळ्या काढून दाखवल्या. हे अनुदानित कॉलेजात, नेमलेल्या शिक्षकांकडून होत होते. त्यावर घोकंपट्टीची टीका झाली आणि ती पूर्ण चुकीची नव्हती, पण पुण्या-मुंबईच्या मुलांना घरबसल्या जे मिळे ते उदगीर-अहमदपूरच्या मुलाला लातुरात मिळू लागले, हेही तितकेच खरे. पुढे 1999च्या सुमारास सीईटी ही वेगळी प्रवेश परीक्षा आली, 2017पासून नीट सर्वांना लागू झाली, आणि शिकवण्याचे केंद्र कॉलेजातून खाजगी क्लासमध्ये गेले. आज लातुरात, नांदेडात मुलगा खोली भाड्याने घेतो, मेस लावतो, क्लासची फी भरतो. बोर्डिंग उरले आहे, फक्त त्याचा खर्च आता समाजाऐवजी बाप उचलतो, पुष्कळदा जमीन गहाण ठेवून. ज्याला गहाण ठेवायला जमीन नाही त्याचे मूल लातूरपर्यंत पोचतच नाही, त्यामुळे लातूरच्या यशात त्याचे अपयश मोजलेही जात नाही.

प्रदेशवार कोटा हा उपाय आपण करून पाहिला आहे. मेडिकलच्या सत्तर टक्के जागा त्या त्या विभागातल्या मुलांना आणि तीस टक्के राज्यभरातल्या, असे सूत्र होते. ऐकायला ते मागास भागाच्या बाजूचे वाटते. पण मराठवाड्यात कॉलेजेच कमी, म्हणून तिथल्या मुलांच्या वाट्याला जागाही कमी आल्या. ते सूत्र रद्द करा अशी मागणी मराठवाड्यातूनच झाली आणि सप्टेंबर 2020मध्ये ते रद्द झाले. तमिळनाडूने त्याच वर्षी वेगळा मार्ग घेतला: सरकारी शाळांत शिकून नीट उत्तीर्ण झालेल्यांना मेडिकलच्या साडेसात टक्के जागा. नकाशावर रेघ मारण्यापेक्षा मूल कुठल्या शाळेत शिकले हे पाहणे अधिक नेमके आहे, आणि फुल्यांच्या मागणीच्या ते अधिक जवळ जाते. महाराष्ट्राने निदान त्याचा विचार तरी करायला हवा.

तरीही जागा राखल्या म्हणजे राहण्याची सोय झाली असे नाही. 2024पासून राज्यात आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या घरांतल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांची शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क माफी मिळते. निर्णय चांगला आहे. पण मेळघाटातल्या मुलीला पुण्यात खोली कोण देणार आणि मेसचे पैसे कुठून येणार, हे फी माफीत येत नाही. ज्या अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांना सरकारी वसतिगृहात जागा मिळत नाही त्यांच्यासाठी स्वाधार योजना आहे. मोठ्या शहरांसाठी तिची रक्कम वर्षाला 60,000 रुपये ठरली: 32,000 जेवणाचे, 20,000 राहण्याचे, 8,000 इतर. राहण्याचे महिन्याला सतराशे रुपयेही होत नाहीत. इतक्यात पुण्यात कॉट मिळत नाही, आणि हप्ता वेळेवर येत नाही ही तक्रार वेगळीच.

आणि एक अडथळा असा आहे जो 1882मध्ये इतका मोठा नव्हता. प्रवेशाचा अर्ज हीच आता एक विद्या झाली आहे. अभियांत्रिकीच्या केंद्रीय प्रवेश प्रक्रियेच्या (कॅप) फेरीत मुलाला कॉलेजांची पसंती क्रमाने भरावी लागते. पहिल्याच पसंतीचे कॉलेज मिळाले की जागा आपोआप फ्रीज होते आणि पुढच्या फेऱ्यांचा मार्ग बंद होतो. सायबर कॅफेत घाईने, जवळचे कॉलेज वर टाकून भरलेला एक विकल्प अर्ज चांगल्या गुणांची माती करू शकतो. जात वैधता, नॉन-क्रिमीलेअर, अधिवास यांतला एक कागद तारखेला हातात नसला तरी तेच. शहरातल्या मुलाला हे मोठा भाऊ सांगतो, शेजारी सांगतो, पैसे घेणारा समुपदेशक सांगतो. भीमराव आंबेडकर मॅट्रिक झाले तेव्हा कृष्णराव अर्जुन केळुसकर त्यांच्या पाठीशी होते. त्यांनी सयाजीराव गायकवाडांपर्यंत या मुलाला पोचवले आणि दरमहा पंचवीस रुपयांच्या शिष्यवृत्तीवर एल्फिन्स्टन कॉलेज पुरे झाले. असा माणूस भेटणे नशिबावर सोडता येणार नाही. विदर्भातल्या पहिल्या पिढीच्या विद्यार्थ्यांना नामांकित विद्यापीठांचे अर्ज भरायला शिकवण्याचे काम एकलव्य इंडिया फाउंडेशनसारखी संस्था करते, पण ते एका संस्थेच्या आवाक्यातले काम नाही. प्रत्येक तालुक्यातल्या कनिष्ठ महाविद्यालयात दहावीपासून मुलांच्या मागे लागणारा, कागद वेळेत काढून घेणारा आणि विकल्प अर्ज त्यांच्या शेजारी बसून भरणारा एक पूर्णवेळ माणूस सरकारी पगारावर असला पाहिजे. आणि विभागाच्या ठिकाणी जितक्या जागा मेडिकल-इंजिनिअरिंगला, तितक्या खाटा सरकारी वसतिगृहांत, हे प्रमाण अर्थसंकल्पात दरवर्षी आकड्यांनी दाखवले पाहिजे.